मांडलेले घर

संसार मांडावा लागतो, हे आम्ही विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. विकावयाचे घरही मांडावे लागते, आणि त्यासाठी पैसे मोजून जाणकार माणूस बोलवावा लागतो, हे मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत आमच्या कानी आले नव्हते. ते कळले २०१९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात. तेथील एका धर्मग्रामाचे फादर सुट्टीवर गेले होते आणि त्यांच्या जागी दोन-अडीच महिने मिस्सा करावयास आम्हांस पाठविण्यात आले होते. आमच्या धर्मप्रांतातील अनेक धर्मगुरू असे जातात. परत येताना चॉकलेटे आणि थोडा खोकला घेऊन येतात. आम्ही ह्या दोन्हींबरोबर आणखी एक गोष्ट आणली. तिने पुढे आम्हांस बराच त्रास दिला.

रोज सकाळच्या मिस्सेला येणाऱ्यांत एक विधवा आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, इटालियन वंशाच्या, गुडघ्याने अधू, पण जिभेने तरतरीत. सत्तेचाळीस वर्षे त्या एकाच घरात राहिल्या होत्या. चार मुले त्याच घरात वाढली, पतीने त्याच घरात शेवटचा श्वास घेतला. आता जिना चढवत नव्हता. मुलीच्या गावी वृद्धांसाठी खोल्या होत्या, त्यांपैकी एक ठरली होती. घर विकावयाचे होते. एके दिवशी मिस्सेनंतर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, उद्या एक बाई माझे घर पाहायला येणार आहे. विकत घेणारी नव्हे, मांडणारी. माझी मुलगी म्हणते, ती सांगेल ते ऐक. पण एकटीने ऐकायची मला भीती वाटते. तुम्ही नुसते बसाल का?"

आजाऱ्याजवळ बसणे, मरणाऱ्याजवळ बसणे आमच्या अंगवळणी पडले आहे. घराजवळ बसावयाचे हे पहिलेच बोलावणे. आम्ही होकार दिला.

ह्या कामाला तिकडे 'होम स्टेजिंग' म्हणतात. स्टेज म्हणजे रंगमंच. वॉशिंग्टन राज्यातील बार्ब श्वार्झ नावाच्या एका बाईंनी १९७२ साली हा प्रकार सुरू केला, असे मानले जाते. त्या आधी अंतर्गत सजावटीचे काम करीत व पुढे घरांच्या खरेदी-विक्रीत पडल्या. आज त्या देशात ह्याचा धंदा झाला आहे. शिकवण्या आहेत, प्रमाणपत्रे आहेत, संघटना आहेत. तेथील घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साली केलेल्या पाहणीत, ग्राहकाच्या बाजूने काम करणाऱ्या दलालांपैकी ८१ टक्क्यांनी सांगितले की, मांडलेल्या घरात ग्राहकाला आपले भावी घर डोळ्यांपुढे आणणे सोपे जाते. अर्थात दलालांनीच केलेली ही दलालांची पाहणी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी मांडणीकार बाई आल्या. चाळिशीच्या आसपास, हातात मोजपट्टी आणि वही. आम्हांस वाटले, घंटी वाजवून आत येतील. त्या आल्याच नाहीत. समोरच्या पदपथावर उभ्या राहून त्या दहा मिनिटे घराकडे नुसत्या बघत होत्या. आजी पडद्याआडून म्हणाल्या, "हिला आत यायचा धीर होत नाही की काय?" पुढे त्यांनीच कारण सांगितले. ग्राहक मोटारीतून उतरण्यापूर्वीच मनात अर्धा निर्णय करून बसलेला असतो, आणि हल्ली तर त्याच्याही आधी, छायाचित्रे पाहून. म्हणून पहिले काम रस्त्यावरून दिसते तेवढ्याचे. खिडक्या झाकणारी झुडपे कापावयाची, हिरवळ कापावयाची, वाफ्यांत लाकडाचा ताजा भुसा पसरावयाचा, दाराला गडद रंग द्यावयाचा, घराच्या क्रमांकाचे आकडे नवे लावावयाचे, पायपुसणे बदलावयाचे. ह्यांत खर्च फार नाही, घाम मात्र आहे.

आत येताच त्यांनी नाक वर करून एक दीर्घ श्वास घेतला. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, हे त्यांचे पहिले वाक्य. आजींची म्हातारी मांजर होती, तिची पेटी होती, सत्तेचाळीस वर्षांच्या लसणाच्या फोडणीने माखलेले पडदे होते. गालिचे धुवावयाचे, पडदे काढावयाचे, मांजर मुलीकडे पाठवावयाची किंवा पेटी रोज दोनदा साफ करावयाची. आम्ही सुचविले, एखादा सुगंध फवारला तर? बाई हसल्या. "फादर, फार सुगंध आला की माणूस विचार करतो, हे काय झाकताहेत?" आम्हांस त्या क्षणी वसईच्या घराघरांतून पावसाळ्यात येणारा सुक्या बोंबलांचा दरवळ आठवला. तो झाकील असे अत्तर अजून जगात निघालेले नाही, हा भाग वेगळा.

मग त्या खोलीखोलीतून फिरल्या. आजी काठी टेकीत मागे, आणि त्यांच्या मागे आम्ही. बैठकीच्या खोलीत भिंतींना चिकटवून ठेवलेल्या खुर्च्या त्यांनी पुढे ओढावयास सांगितल्या. खोली त्यामुळे लहान दिसेल असे आम्हांस वाटले, ती मोठी दिसू लागली. चार दिव्यांत चार रंगांचा उजेड होता, सर्व दिवे एकाच उबदार रंगाचे करावयाचे. खिडकीसमोर आरसा. भिंतींना वाळूसारखा फिकट रंग, कारण तो कोणालाच फारसा आवडत नाही आणि कोणालाच खटकत नाही. स्वयंपाकघरात शीतकपाटाच्या दारावर नातवंडांची चित्रे, चर्चची दिनदर्शिका आणि अंत्यविधीच्या वेळी वाटतात ती मृतांच्या स्मरणार्थ छापलेली पवित्र चित्रे चिकटवलेली होती, सर्व काढावयाचे. ओट्यावर फक्त एक किटली आणि काचेच्या वाडग्यात लिंबे. "लिंबेच का?" आजींनी विचारले. "स्वस्त असतात, टिकतात आणि छायाचित्रात छान दिसतात." कपाटे निम्मी रिकामी करावयाची, कारण ग्राहक कपाट उघडून पाहतोच, आणि खच्चून भरलेले कपाट त्याला सांगते की ह्या घरात जागा पुरत नाही. न्हाणीघरात पांढरे शुभ्र टॉवेल टांगावयाचे आणि ते कोणी वापरावयाचे नाहीत. औषधाच्या बाटल्या कुलपात. घर पाहण्यास येणारे सगळेच घर घेण्यास येत नाहीत, हे त्या सहज बोलून गेल्या.

ओघात त्यांनी धंद्यातील गमतीही सांगितल्या. रिकामे घर विकणे अधिक कठीण जाते, कारण रिकाम्या खोलीत माणसाला मापाचा अंदाज येत नाही. म्हणून गोदामातून भाड्याने सामान आणून ते घर महिन्याच्या बोलीवर सजवितात. त्यातला पलंग कधी कधी पलंग नसतोच. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर हवेची गादी आणि वर सुरेख चादर. पुठ्ठ्याचा दूरदर्शन संचही मिळतो. जेवणाच्या मेजावर चार ताटे मांडलेली असतात आणि त्या ताटांत कोणी कधी जेवणार नसते. मुंबईत बांधकाम व्यावसायिकांची 'सॅम्पल फ्लॅट' पाहिली आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. एका लग्न ठरलेल्या जोडप्याच्या आग्रहावरून आम्ही एकदा अशा फ्लॅटमध्ये गेलो होतो; तेथील पलंगावर आम्ही झोपलो असतो तर आमचे पाय बाहेर लोंबले असते.

सर्वांत कठीण जागा होती झोपण्याची खोली. पलंगाच्या वर भिंतीवर हातभर लांबीचा लाकडी क्रूस होता आणि त्याच्यामागे झावळ्यांच्या रविवारची वाळलेली पात खोवलेली होती. शेजारी लग्नाचे छायाचित्र, मुलांच्या प्रथम कम्युनियनची चार छायाचित्रे. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "फादर, राग मानू नका. हे सगळे उतरवावे लागेल. क्रूससुद्धा."

आम्हांस राग आलाच. आम्ही म्हणालो, "ज्यांना क्रूस खुपतो त्यांनी हे घर घेऊ नये."

"खुपतो म्हणून नव्हे," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्याही घरी आहे. पण घर पाहायला आलेला माणूस छायाचित्र दिसले की मुले मोजतो. क्रूस दिसला की हे कोणाचे घर, असा विचार करतो. खिडकी बघायची राहून जाते. तो दुसऱ्याच्या घरी पाहुणा होतो, आणि पाहुणा घर विकत घेत नाही."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजींनीच पुढे होऊन सांगितले, "काढा." स्टुलावर चढून क्रूस उतरविण्याचे काम आमच्याकडे आले. आजींनी तो पतीच्या मोठ्या रुमालात गुंडाळला आणि आमच्या हाती दिला. "खोक्यात घालवत नाही. घर विकेपर्यंत तुमच्याकडे राहू दे." भिंतीवर क्रूस होता तेथे क्रूसाच्याच आकाराचा उजळ ठसा राहिला होता, सत्तेचाळीस वर्षांत आजूबाजूचा रंग काळवंडला होता, तेवढाच नव्हता. तीन दिवसांनी रंगाऱ्याने त्यावर वाळूचा रंग चढविला.

छायाचित्रे उतरविण्याच्या ह्या सल्ल्याला एक काळी बाजूही आहे, ती पुढे काही वर्षांनी वाचनात आली. कॅलिफोर्नियातील मरीन सिटी येथे एका कृष्णवर्णीय दांपत्याच्या घराची २०२० साली किंमत ठरविण्यात आली, ती झाली ९ लाख ९५ हजार डॉलर. त्यांना संशय आला. त्यांनी आपली कौटुंबिक छायाचित्रे काढली, एका गोऱ्या मैत्रिणीची छायाचित्रे लावली आणि दुसरा मूल्यमापक आला तेव्हा तिलाच मालकीण म्हणून घरात बसविले. काही आठवड्यांच्या अंतराने त्याच घराची किंमत सुमारे १४ लाख ८० हजार डॉलर ठरली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२३ साली तडजोडीने मिटले. म्हणजे घरातून माणसाची खूण पुसावयाची, ती कधी ग्राहकाच्या सोयीसाठी, तर कधी बघणाऱ्याच्या मनातील विषापासून बचाव म्हणून. न्यू जर्सीच्या त्या बाईंचा हेतू पहिला होता, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. तरी ते वाचताना भिंतीवरचा तो ठसा आमच्या डोळ्यांपुढे आला.

आजी सगळ्याला हो म्हणत गेल्या. नाही म्हणाल्या ते एकदाच. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. चारही मुलांची उंची, प्रत्येक वाढदिवसाची, बाजूला तारीख. "ह्यावर रंग लावू देणार नाही," आजी म्हणाल्या, आणि काठी अशी आडवी धरली की जणू कोणी ब्रश घेऊन उभाच आहे. आम्हांस वाटले, आता वाद होणार. बाईंनी चौकटीवरून बोटे फिरविली, वहीत काही लिहिले आणि म्हणाल्या, "रंग नकोच. ही वरची पट्टी नुसती खिळ्यांनी ठोकलेली आहे. माझा सुतार ती अख्खी काढील, तेथे नवी लावील. ही तुम्ही बरोबर न्या." आजी खुर्चीत बसल्या आणि त्या दिवसात प्रथमच रडल्या. त्या बाईंविषयीचे आमचे मत त्या क्षणी बदलले. दोन तासांच्या सल्ल्याचे त्यांनी तीनशे डॉलर घेतले. त्यातले निम्मे त्या एका वाक्याचे होते असे आम्ही समजतो.

आणखी एक प्रसंग सांगावयास हवा, कारण पुढचा सारा गुंता त्याच्याशी बांधला गेला आहे. वरच्या मजल्यावरील एका खोलीच्या छतावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग होता. आजींचा मुलगा आला होता, तो म्हणाला, रंगारी आलाच आहे तर ह्यावरही हात मारू. बाईंनी वही मिटली. "ह्यावर नाही. आधी छप्पर पाहा, दुरुस्त करा, आणि गळती होती हे विक्रीच्या कागदात लिहा. मी घर मांडते, लपवीत नाही." मुलगा वकील होता. तो ओशाळून हसला आणि त्यानेच आम्हांस झुरळांच्या खटल्याची गोष्ट सांगितली. १९७४ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तो खटला आला होता. घर पाहिले तेव्हा आत दिवे जळत होते, सर्व ठीक दिसले. व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी ग्राहक एका संध्याकाळी अंधाऱ्या घरात गेले, दिवा लावला आणि झुरळांची फौज चहूकडे धावली. न्यायालयाचे म्हणणे असे की, वरवर पाहून न कळणारा गंभीर दोष विकणाऱ्याने जाणूनबुजून न सांगितल्यास, त्याचे मौन हेच व्यवहार मोडण्यास पुरेसे कारण ठरू शकते.

आम्हांस सेमिनरीतील नीतिशास्त्राचा तास आठवला. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न खर्ची घातला आहे. मालातील दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे काय? त्यांचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. घोड्याला एकच डोळा असेल तर तो सर्वांना दिसतो. किंमत त्या मानाने कमी केली की सांगितलेच पाहिजे असे नाही. पण जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल, तो सांगणे बंधनकारक. तेथे उदाहरण दिले आहे ते लंगडा घोडा वेगवान म्हणून विकण्याचे, आणि कोसळू पाहणारे घर मजबूत म्हणून विकण्याचे. ह्या प्रश्नावर आम्हांस परीक्षेत चांगले गुण मिळाले होते.

मांडलेल्या घरात राहणे हे मांडण्यापेक्षा अवघड. घर बाजारात आले की दलालाचा फोन येई, तासाभरात माणसे पाहायला येताहेत. मग आजी आपला टॉवेल, औषधे, उघडे पुस्तक, चपला एका टोपलीत भरीत, टोपली मोटारीच्या मागच्या खणात टाकीत, मांजर पिंजऱ्यात घालीत आणि चर्चमध्ये येऊन बसत. दुपारच्या सुनसान चर्चमध्ये मागच्या बाकावर आजी जपमाळ करीत आहेत आणि शेजारी पिंजऱ्यातून मांजर म्याव म्याव करीत आहे, असे दृश्य आम्ही त्या उन्हाळ्यात अनेकदा पाहिले. एकदा त्यांनी हळूच कबूल केले की त्यांनी अंगणात संत जोसेफलाही पुरले आहे. ही तिकडची चाल. घर लवकर विकले जावे म्हणून संत जोसेफची छोटी मूर्ती डोके खाली करून जमिनीत पुरतात, आणि घर विकल्यावर काढून नव्या घरात मानाने ठेवतात. मूर्ती आणि प्रार्थनेचा कागद असा संचच दुकानात मिळतो. मॉन्ट्रियलच्या टेकडीवरील जागा मिळावी म्हणून ब्रदर आंद्रे ह्यांनी तेथे संत जोसेफची पदके पुरली होती, अशी कथा सांगतात. त्यात निदान डोके खाली करण्याची भानगड नव्हती. आम्ही आजींना म्हणालो, ज्या संताने रात्रीतून उठून आपल्या कुटुंबासह परदेशचा रस्ता धरला, त्याला घर बदलण्याचे दुःख उलटे टांगल्याविनाही समजेल. आजी म्हणाल्या, "तो सुतार होता फादर, घाई केल्याशिवाय सुतार काम करीत नाहीत." तिसऱ्या आठवड्यात घर विकले गेले. घेणारे एक तेलुगू कुटुंब, मुलगा तीन वर्षांचा. आम्ही क्रूस आजींच्या हाती परत दिला. त्या रिकाम्या भिंतीवर त्या कुटुंबाने काय टांगले असेल, असा विचार आमच्या मनात अजूनही येतो.

सप्टेंबरात आम्ही परतलो आणि महिन्याभरात कॅनडाहून थोरल्या बंधूंचा फोन आला. आईला जाऊन दोन वर्षे झाली होती. वसईतील घर बंद होते. कौलारू, पुढे ओटी, मागे विहीर. "किती दिवस बंद ठेवायचे? तू आहेस तेथे, बघ काहीतरी," दादा म्हणाले. धाकट्या बहिणीचीही तीच इच्छा. जे दुसऱ्याच्या घरात बसून पाहिले ते आपल्या घरात करण्याची पाळी आली.

आम्ही मोठ्या उत्साहाने कामास लागलो. आईने एकावर एक टांगलेल्या एकोणीस वर्षांच्या दिनदर्शिका उतरविल्या. दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा निघाला, आमच्या दीक्षाविधीच्या आमंत्रणपत्रिकांचा न वाटलेला गठ्ठा निघाला. ओटीवरचे भंगार काढले, माडाच्या झावळ्या उचलल्या, खिडक्या उघडल्या. पण लवकरच कळले की आमच्या भागात घर कोणी विकत घेतच नाही. येणारे ग्राहक ओटी चढत नसत. रस्त्याकडून किती फूट, एकूण गुंठे किती, विहीर बुजविता येईल का, एवढे विचारून ते पावलांनी जमीन मोजीत. जे घर पाडावयाचे ते मांडून काय उपयोग?

अपवाद एकच. एक शाळामास्तर, त्यांची पत्नी, म्हातारी आई आणि दोन मुले. भाड्याच्या दोन खोल्यांत कंटाळलेले हे कुटुंब खरोखर राहण्यासाठी घर शोधीत होते. ते येणार म्हणून आम्ही भिंतींना रंग काढविला. माजघराच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला सरळ आडवी रेघ होती, मळकट, जणू कोणी ओळंबा धरून ओढलेली. जुलै २०१८ च्या पुरात वसई पाण्याखाली गेली होती तेव्हाची. घर बंद होते. पाणी आले, दोन दिवस राहिले आणि गेले. रंगारी म्हणाला, "फादर, दोन हात मारले की गेलं समजा." आम्ही त्याच्याकडे पाहिले आणि विहिरीकडे निघून गेलो. मार असे म्हणालो नाही, मारू नकोस असेही म्हणालो नाही.

मास्तरांचे कुटुंब आले. घर त्यांना आवडले हे त्यांच्या चालण्यावरून दिसत होते. मुले विहिरीत डोकावली. म्हाताऱ्या आईने माजघराच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि विचारले, "फादर, पावसाचं पाणी येतं का हो आत?"

आम्ही म्हणालो, "आमच्या आईच्या हयातीत कधी आले नाही, आजी."

वाक्य अक्षरशः खरे होते. आई २०१७ साली वारली, पाणी २०१८ साली आले. ह्या प्रकारच्या खऱ्या वाक्यांना नीतिशास्त्रात नाव आहे, आणि ती कशी ओळखावीत हे आम्ही तरुण धर्मबंधूंना शिकविलेही आहे. आजीने समाधानाने मान डोलविली. मास्तरांनी दर ऐकला, विचार करतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला, आम्ही मागितलेल्या रकमेला.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. फार मोठा आध्यात्मिक संघर्ष वगैरे काही नव्हता. डोळ्यांपुढे येत होती ती मांडणीकार बाईंची मिटलेली वही. ज्या बाईला आम्ही क्रूस उतरविणारी म्हणून मनातल्या मनात बोल लावला होता, तिने छतावरील डागाला हात लावू दिला नव्हता. आणि आम्ही?

सकाळची मिस्सा आटोपून आम्ही स्कूटर काढली आणि मास्तरांच्या खोलीवर गेलो. बाईंनी चहा टाकला. चहा येण्यापूर्वीच आम्ही सांगितले: पाणी कोठवर आले होते, किती दिवस होते, रेघ कोठे होती आणि तिच्यावर रंग कधी चढला. मास्तर गप्प. त्यांच्या पत्नी आत उभ्या होत्या, त्या कपबशा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हातारी आईच बोलली, "काल का नाही सांगितलं, फादर?" ह्या प्रश्नाला आम्ही जे काही उत्तर दिले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

पंधरा दिवस त्यांच्याकडून निरोप आला नाही. मग आला; दोन लाख कमी देऊ. आम्ही दादांना फोन केला. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. "तुला कोणी विचारले होते?" ते म्हणाले. आम्ही म्हणालो, "विचारले होते, दादा. त्यांच्या आईने." त्यांनी सही पाठविली, पण त्या नाताळात त्यांचा फोन आला नाही, आणि त्यापुढच्या नाताळात आला तो दोन मिनिटांचा. बहिणीने मध्यस्थी केली म्हणून आता पुन्हा बोलणे होते; घराचा विषय दोघेही टाळतो.

खरेदीखत जानेवारी २०२० मध्ये झाले. मास्तरांनी आमच्या आईचे शिसवी कपाट ठेवून घेतले आणि माजघरात चार-चार विटांवर चढविले आहे. धान्याचा पिंपही. जुलै महिन्यात रात्रभर पाऊस कोसळला की सकाळी आम्ही त्यांना फोन लावतो. मास्तरांची आईच उचलते. "फादर, अजून ओटीच्या पायरीखाली आहे," ती सांगते.